कुमारवयातील फास्ट फूड आणि उष्मांकांचा हिशेब : 'राशी'च्या दृष्टीने विचार

अकरावीत शिकणारा, सोळा वर्षे वयाचा एक विद्यार्थी 'भूक लागत नाही' या तक्रारीसाठी त्याच्या वडिलांनी चिकित्सालयात आणला होता. लातूर शहरात वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावची हजारो मुले-मुली येतात, खोली घेऊन राहतात आणि खानावळीच्या डब्यावर जेवतात. हा मुलगाही त्यांपैकीच एक. "रात्रीचा डबा अर्धा तसाच परत येतोय, डॉक्टरसाहेब. खानावळीच्या काकूंचा दोनदा फोन आला," वडील म्हणाले. मुलाची उंची १६६ सेंटीमीटर, वजन ६२ किलो, बांधा मध्यम, मलप्रवृत्ती किंचित अनियमित, जिव्हा साम. अरुची व अग्निमांद्य असे निदान करून मी चित्रकादी वटी, भोजनापूर्वी हिंग्वाष्टक चूर्ण आणि भोजनोत्तर द्राक्षासव अशी योजना केली. दीपन-पाचनाचा अपेक्षित परिणाम दिसला. डबा रिकामा जाऊ लागला. वडिलांनी फोन करून आभार मानले.

सहा महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा आला तेव्हा वजन ६८ किलो होते, उंचीत जेमतेम एका सेंटीमीटरची भर पडली होती आणि तक्रार नेमकी उलट होती: भूक आवरत नाही, दर दोन तासांनी काहीतरी खावेसे वाटते, वर्गात बसले की डोळे मिटतात. त्या दिवशी मी प्रथमच त्याला विचारले की सायंकाळी वर्ग सुटल्यावर तू काय खातोस. उत्तर मिळाले ते असे: साडेपाच वाजता गाड्यावर दोन वडापाव आणि एक शीतपेय, आठवड्यातून पाच दिवस, उरलेल्या दोन दिवशी कधी चायनीज, कधी मित्रांबरोबर पिझ्झा. हा क्रम पहिल्या भेटीच्याही आधीपासूनचा होता.

म्हणजे त्याला अरुची नव्हतीच. साडेपाचला जे पोटात गेले होते त्याची थोडीफार भरपाई त्याचे शरीर रात्रीचे ताट अर्धे परत पाठवून स्वतःहून करीत होते. त्या भरपाईलाच मी व्याधी समजलो आणि औषध देऊन ती बंद पाडली. ही चूक माझ्या एकट्याच्या हातून घडली असेल असे मला वाटत नाही. 'मुलगा जेवत नाही, भुकेचे काहीतरी द्या' ही मागणी आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी भांडारांच्या काउंटरवर रोजची आहे. म्हणून या विषयाचा विचार वैद्यबंधू-भगिनींसमोर थोडा विस्ताराने मांडत आहे.

सर्वग्रह आणि परिग्रह

उष्मांक ही कल्पना पाश्चात्त्य असून आयुर्वेदाला तिच्याशी कर्तव्य नाही, असे मत आपल्या परिषदांमध्ये अधूनमधून ऐकू येते. मला ते पटत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील रसविमान अध्यायात आहारविधीची जी आठ विशेषायतने सांगितली आहेत त्यांत 'राशी' हे एक आहे, आणि राशीचे दोन प्रकार तेथे स्पष्ट केले आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह. त्यातील एकेका द्रव्याचे पृथक् प्रमाण तो परिग्रह. उष्मांक म्हणजे सर्वग्रह मोजण्याचा एक आधुनिक काटा होय. तो परिपूर्ण नाही. द्रव्याचा रस, वीर्य, विपाक त्याला कळत नाहीत. पण वजनकाट्याला सोन्याचा कस कळत नाही म्हणून सराफ काटा फेकून देत नाही.

या लेखात उष्मांक हा शब्द किलोकॅलरी या अर्थी घेतला आहे. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारे ९ उष्मांक मिळतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुढील हिशेबाला पुरे. येथे तेल आणि तूप असा भेद नाही. घृताचे गुण शास्त्राने कितीही गायिले असले तरी एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम घृत साधारण ४५ उष्मांक देतेच.

फास्ट फूड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १९९६ मध्ये मुंबई-दिल्लीत आलेली बर्गरची दुकाने उभी राहतात. व्याख्या मात्र इतकीच आहे की जे तत्काळ तयार मिळते आणि तत्काळ खाऊन संपते ते. या व्याख्येत वडापाव, समोसा, पावभाजी, गाड्यावरचे नूडल्स हे सर्व बसतात. 'विदेशी ते वाईट, आपले ते चालेल' हा निकष लावणाऱ्यांनी कढईतील तेलाचे नागरिकत्व कसे ठरवावे हेही सांगावे.

त्या मुलाचा सायंकाळचा आहार मी घरी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून पाहिला. एका वडापावात सुमारे ४० ग्रॅमचा पाव, ५० ग्रॅम बटाट्याची भाजी, १५ ग्रॅम बेसन आणि तळताना शोषले गेलेले ७-८ ग्रॅम तेल धरले, तर अनुक्रमे ११०, ५०, ५५ आणि ७० असे मिळून २८५ उष्मांक होतात. कोरडी चटणी धरून आपण ३०० म्हणू. दोन वडापावांचे ६००. शीतपेयात दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरच्या बाटलीतून शंभराहून थोडे अधिक उष्मांक मिळतात. एकूण ७००.

आता खानावळीचा डबा पाहू. सत्तर ग्रॅम पिठाची एक, अशा दोन ज्वारीच्या भाकरी ४८०, वाटीभर वरण १००, चमचाभर तेलातील भाजी ८० ते १००. एकूण पुन्हा ७०० च्या आसपासच. म्हणजे गाड्यावर उभ्याउभ्या आठ मिनिटांत जे संपले ते उष्मांकांच्या दृष्टीने पूर्ण जेवण होते. मुलगा त्याला 'नाष्टा' म्हणत होता, घरचे 'काहीतरी खाल्ले असेल' म्हणत होते, आणि मी तर विचारलेच नव्हते. दिवसाला त्याची तीन नव्हे, चार जेवणे होत होती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार मध्यम श्रम करणाऱ्या १६ ते १८ वर्षांच्या मुलाची दैनंदिन गरज ३३२० आणि मुलीची २५०० उष्मांक आहे. १३ ते १५ वर्षांसाठी हेच आकडे २८६० आणि २४०० आहेत. हे आकडे पालकांना दाखविताना 'मध्यम श्रम' हे दोन शब्द विसरू नयेत. सकाळी सात ते रात्री दहा बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम मध्यम नसतात.

कुक्षी का फसते

उष्मांक मोजून कोणीही खात नाही. मनुष्य कुक्षीने मोजतो. विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात कुक्षीचे तीन भाग कल्पून एक मूर्त आहारासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या संचारासाठी ठेवण्यास सांगितले आहे. हे माप आकारमानाचे आहे, आणि ज्या आहारात धान्य, शाक, सूप, तक्र असे जलांश व तंतू यांनी युक्त पदार्थ असतात त्यात आकारमान आणि उष्मांक साधारणपणे बरोबर चालतात. पोट भरले की गरजही भागलेली असते. परंतु द्रव्याचे जल काढून त्याच्या जागी स्नेह भरला की ही जोडी तुटते.

बटाट्याचेच उदाहरण घ्यावे. उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे ८५ उष्मांक असतात. तोच तळून फ्रेंच फ्राइज केला की तेवढ्याच वजनात ३०० च्या वर जातात आणि वेफर्स केले की ५३० ते ५५०. प्रकृती एकच, 'करण' म्हणजे संस्कार बदलला आणि गुरुत्व सहापट झाले. पन्नास ग्रॅमचे वेफर्सचे पाकीट मुलगी पुस्तक वाचता वाचता संपविते; तेवढ्याच उष्मांकांचे उकडलेले बटाटे तिच्यासमोर ठेवले तर ते ३०० ग्रॅमहून अधिक भरतील आणि ती निम्म्यावर हात आखडेल. वेफर्स मुखात हलके लागतात, हातात हलके लागतात, पोटातही काही काळ हलकेच वाटतात. गुरू द्रव्य लघूच्या वेषात येते, हीच या आहाराची खरी अडचण आहे.

गुरू द्रव्ये अर्धी किंवा तृतीयांश तृप्ती होईल एवढीच घ्यावीत, असा नियम सूत्रस्थानाच्या मात्राशितीय अध्यायात आहे. तो पाळण्यासाठी द्रव्य गुरू आहे हे खाणाऱ्याला कळावे लागते. पूर्वी ते कळत असे. पुरणपोळी, अनारसे, बासुंदी ही गुरू आहेत हे सांगावे लागत नव्हते. ती सणालाच होत आणि दुपारी माणूस आडवा होई. मेयोनेज लावलेला बर्गर किंवा चीजचा सँडविच यांबाबत कुमारवयीन मुलांमध्ये तशी जाणीव नाही. शीतपेयाचे तर विशेषच आहे. त्यातील साखर द्रवरूपाने जाते आणि तिच्यामुळे तृप्ती फारशी होत नाही. पुढच्या घासांत तिची वजावट झालेली सहसा दिसत नाही.

दुसरे कारण वेग. अतिद्रुत खाऊ नये, बोलत-हसत खाऊ नये, तन्मनाने खावे, हे आहारविधिविधान आपण विद्यार्थिदशेत पाठ केले आणि पुढे रुग्णाला सांगणे सोडून दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. वीस प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेला आणि दोन आठवडे अल्पप्रक्रिया केलेला आहार दिला गेला. ताटांत मांडलेले उष्मांक, साखर, स्नेह, तंतू, मीठ सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर ते लोक दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होते, आणि त्यांचा खाण्याचा वेगही अधिक होता. हा प्रयोग प्रौढांवरील आहे, तरी मऊ, कमी चावावे लागणारे अन्न तृप्तीची जाणीव होण्यापूर्वीच संपून जाते, हा त्याचा एक संभाव्य अर्थ कुमारवयीनांनाही लागू पडण्यास हरकत नसावी.

भरपाई करणारे आणि न करणारे

प्रत्यक्ष १३ ते १७ वयोगटावर झालेले एक काम मला सर्वांत उद्बोधक वाटले. बोस्टन येथील संशोधकांनी ते २००४ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या भागात ५४ मुला-मुलींना, त्यांपैकी २६ स्थूल आणि २८ सडपातळ, फूड कोर्टमध्ये मोठ्या आकाराचे फास्ट फूडचे जेवण देऊन एका तासात हवे तेवढे खाण्यास सांगितले. सरासरी १६५२ उष्मांक एकाच बैठकीत खाल्ले गेले. म्हणजे त्यांच्या दिवसभराच्या अंदाजित गरजेच्या साठ टक्क्यांहून अधिक. सडपातळ मुलेही यात मागे नव्हती: त्यांची सरासरी १४५८ होती, स्थूल मुलांची १८६०.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. फास्ट फूड खाल्लेल्या दिवसांची आणि न खाल्लेल्या दिवसांची तुलना केली असता स्थूल मुलांच्या दिवसभराच्या आहारात ४०९ उष्मांकांची वाढ आढळली. सडपातळ मुलांमध्ये दोन्ही दिवसांचे एकूण जवळजवळ सारखेच निघाले. एका वेळी अधिक गेले तर दिवसाच्या इतर वेळी त्यांचे आपोआप कमी होत होते.

अमेरिकेतील २००३ ते २०१० या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या विश्लेषणात १२ ते १९ वयोगटात फास्ट फूडच्या दिवशी साधारण ३१० उष्मांक अधिक जातात असे दिसले. लहान मुलांत ही वाढ १२६ होती. म्हणजे बालकापेक्षा कुमारवयीनाचे वाढावे अधिक आहे. ताटे तिकडची असल्याने हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे आणू नयेत. माझा भर आकड्यांवर नसून भरपाई होणे आणि न होणे या भेदावर आहे.

अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाची जी संप्राप्ती सांगितली आहे ती येथे आठवावी. मेदाने मार्ग आवृत झाल्याने वायू विशेषेकरून कोष्ठात संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो, आहार शीघ्र जिरवितो, आणि म्हणून त्या व्यक्तीला पुन्हा पुन्हा आहाराची इच्छा होते. स्थूल मनुष्य अधिक खातो म्हणून स्थूल होतो एवढेच न म्हणता, स्थूल झाल्यामुळे तो अधिक खाऊ लागतो असेही हे वर्णन सांगते. बोस्टनच्या मुलांवरून चरकोक्त संप्राप्ती 'सिद्ध' झाली असा दावा मी करणार नाही. असे दावे आपल्या नियतकालिकांतून फार सहज केले जातात. दोन निरीक्षणे एकाच दिशेला बोट दाखवितात, एवढेच म्हणावे. पण चिकित्सेसाठी त्यातून एक निश्चित सूचना मिळते. माझा रुग्ण पहिल्या भेटीत भरपाई करणाऱ्यांत होता; सहा महिन्यांनी तो न करणाऱ्यांत गेला होता. या स्थित्यंतराला माझे दीपनद्रव्य कितपत कारण झाले आणि वाढत्या वयाची भूक कितपत, हे वेगळे काढता येत नाही. तथापि पहिल्या भेटीत मी काहीही दिले नसते आणि साडेपाचच्या वडापावांविषयी विचारले असते, तर ते अधिक योग्य झाले असते यात शंका नाही.

शास्त्रीय परिभाषेत त्याचे निदान अध्यशन होते. पूर्वीचा आहार जिरण्यापूर्वी पुन्हा भोजन ते अध्यशन. ग्रहणीचिकित्सेत समशन आणि विषमाशन यांच्याबरोबर त्याची व्याख्या आहे. साडेपाचचा तळलेला, बेसनाचा, मैद्याचा गुरू आहार साडेआठला जिरलेला नसतो. त्या वेळी जेवावेसे न वाटणे हे अग्नीचे मांद्य नव्हे, तो अग्नीचा शहाणपणा होय.

कृश मुलांविषयी

येथे एक विषयांतर अपरिहार्य आहे. वरील विवेचनावरून आपल्याकडची सर्व मुले फुगत चालली आहेत असा समज होऊ नये. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयोगटात अतिवजनाचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर कृशतेचे २४ टक्के आढळले होते. त्याच सर्वेक्षणात शालेय व कुमारवयीनांपैकी दहा टक्क्यांमध्ये मधुमेहपूर्व अवस्थेची रक्तशर्करा होती. तेव्हा केवळ स्थूलांचीच चिंता करावी असे नव्हे.

कृश मुलगी फास्ट फूड खाते तेव्हा बहुधा जेवणाऐवजी खाते. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात समोसा खाऊन डबा परत नेणाऱ्या मुली आपण पाहतो. तिचा सर्वग्रह बिघडत नाही. दिवसाचे उष्मांक तेवढेच राहतात. बिघडतो तो परिग्रह. डाळ, पालेभाजी, तीळ, भाकरी यांच्या जागी मैदा, तेल आणि बटाटा येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींत रक्ताल्पता आढळली. त्याची कारणे अनेक आहेत, समोसा हे काही मूळ कारण नव्हे. पण लोहाची कल्पे देताना तिच्या डब्याचे काय होते हे विचारणे वैद्याचे काम आहे. अशा मुलीला 'वजन वाढविण्याची' पावडर देणे म्हणजे सर्वग्रह वाढवून परिग्रह तसाच ठेवणे.

चिकित्सेत काय बदलावे

सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात आणि पुढेही तिशीपर्यंत वर्धमान असतात, असे चरकांनी विमानस्थानात म्हटले आहे. या वयात उपवास, एकभुक्त राहणे, केवळ रसाहार असे लंघनाचे उपाय मी कटाक्षाने टाळतो. उंची वाढत असलेल्या मुलाचे वजन घटविण्यापेक्षा ते आहे तेथे रोखून धरणे हे उद्दिष्ट बहुतेक वेळा पुरेसे असते.

स्थूलासाठी चरकांनी सांगितलेले सूत्र 'गुरू पण अपतर्पण' असे आहे: पचायला वेळ घेणारे, पोटात राहणारे, पण पोषण अल्प करणारे. प्रदीप्त अग्नीला ते गुंतवून ठेवते आणि मेद वाढवीत नाही. त्यासाठी दिलेल्या धान्यांत यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुलत्थ यांच्याबरोबर 'जूर्णाह्व' आले आहे, आणि त्याचा अर्थ ज्वारी असा घेतला जातो. मराठवाड्याच्या वैद्याला याहून सोयीचे काय असणार? फास्ट फूडचे स्वरूप नेमके याच्या उलट, लघू भासणारे आणि संतर्पण करणारे आहे. हे समोरासमोर मांडले की 'बाहेरचे खाऊ नको' या निरर्थक उपदेशापेक्षा काही निश्चित सांगता येते. उकडलेले हरभरे, मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीच्या लाह्या, हुलग्याचे माडगे, मुगाचे धिरडे. कुलत्थ उष्ण असल्याने पित्तप्रकृतीच्या मुलांत जपून.

तथापि पदार्थापेक्षा वेळ मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या मुलाची दिनचर्या लिहून काढल्यावर दिसले की सकाळचा डबा साडेदहाला आणि रात्रीचा साडेआठला येत होता. मध्ये दहा तासांची पोकळी. एका यामाच्या आत पुन्हा जेवू नये आणि दोन याम उलटू देऊ नयेत, म्हणजे तीन तासांच्या आत नको आणि सहा तासांच्या पुढे नको, असा परंपरेचा दंडक आहे. साडेपाचला लागलेली त्याची भूक सर्वस्वी खरी होती. दोष भुकेचा नव्हता. त्या वेळी त्याच्या परिघात गाड्याखेरीज काही नव्हते, हा होता. काळ आणि देश ही दोन आयतने बिघडली होती आणि आपण सारे उपयोक्त्याला दोष देत होतो.

मी खानावळीच्या काकूंशी बोललो. रात्रीच्या डब्यातील एक भाकरी आणि उसळ पाच वाजता पाठवावी आणि रात्री एकच भाकरी, वरण, भाजी द्यावी, अशी विनंती केली. त्यांचा पहिला प्रश्न स्वाभाविकच फेरीच्या खर्चाचा होता. शेवटी शेजारच्या तीन खोल्यांतील मुलांचे डबेही त्याच फेरीत न्यायचे ठरल्यावर त्यांनी होकार दिला. औषधांत दीपन पूर्ण बंद केले. काही काळ त्रिफळा चूर्ण रात्री कोष्ण जलाबरोबर ठेवले, आणि सायंकाळी वर्गापर्यंत चालत जाणे-येणे. शीतपेय बंद करणे हा एकच निषेध मी सांगितला. वडापाव आठवड्यातून दोन वेळा मान्य केला, मात्र त्या दिवशी तो पाच वाजताच्या डब्याऐवजी आणि एकच. मित्रांबरोबर गाड्यावर उभे राहणे ही सोळाव्या वर्षीची गरज आहे आणि ती मोडून काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चार महिन्यांनी वजन ६७ किलो होते. हे फार मोठे यश नव्हे. पण वाढ थांबली, दुपारची तंद्रा कमी झाली आणि दर दोन तासांची भूक राहिली नाही. परीक्षेच्या महिन्यात तो पुन्हा रोज गाड्यावर जाऊ लागला हेही नमूद करतो.

नियमांचा आधार किती

महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांतून मीठ, साखर व स्नेह अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी असे पदार्थ शाळेच्या आवारात व प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकण्यास प्रतिबंध केला आहे. हे नियम शाळांसाठी आहेत. ज्या मुलांविषयी आपण बोलत आहोत ती दिवसाचा बराच भाग खासगी शिकवणी वर्गांत असतात. मोठ्या, म्हणजे दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना २०२२ पासून पदार्थाचे उष्मांक फलकावर लिहावे लागतात. हा आकडा आपल्याला उपयोगी पडतो. मुलांना मी सांगतो की खाण्यापूर्वी तो वाचा आणि घरच्या जेवणाच्या ७०० शी ताडून पाहा. मुले हिशेबात हुशार असतात. त्यांना 'हानिकारक' या शब्दाने जे पटत नाही ते बेरजेने पटते, असा माझा अनुभव आहे. गाड्यावर फलक नसतो, तेथे वरील हिशेब उपयोगात आणावा.

औषधी भांडारांच्या चालकांना एक विनंती. भुकेचे सिरप, आसव किंवा च्यवनप्राशाचा डबा मागणाऱ्या आईला 'मुलगा सायंकाळी काय खातो आणि वजन किती' हे दोन प्रश्न विचारावेत. च्यवनप्राश उत्तम रसायन असले तरी त्यात साखरेचा वाटा मोठा असतो, आणि जो आधीच चार वेळा जेवतो आहे त्याला तो पाचवे जेवण ठरू नये. मेदोहर गुग्गुळाच्या बाबतीतही तसेच. सोळा वर्षांची मुलगी स्वतः येऊन मागत असेल तर तिला वैद्याकडे पाठवावे. एखादी विक्री कमी होईल, हे मी जाणतो.

माझ्या रुग्णपत्रिकेत मी आता 'सायंकाळी ४ ते ८' असा स्वतंत्र रकाना छापून घेतला आहे आणि १२ ते १९ वयोगटातील प्रत्येक रुग्णाचा तो भरतो, तक्रार कोणतीही असो. त्यात पदार्थ, अंदाजे उष्मांक, आणि त्या दिवशी रात्रीचे ताट पूर्ण संपले की परत गेले, एवढ्या तीनच नोंदी असतात. ज्या वैद्यमित्रांना अशा नोंदी ठेवणे शक्य असेल त्यांनी त्या वर्षभर ठेवून या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात. खेड्यातील आणि शहरातील, घरी राहणाऱ्या आणि खानावळीवर जेवणाऱ्या मुलांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्यास तुलना करता येईल.